चुडाव्याचा रूळ गोल की सरळ

पुणे
६ सप्टेंबर २०२५

अण्णा,

नमस्कार. आधी एक सांगा, माय फोनवर म्हणाली ते खरं का? म्हणे महिना झाला, तुम्ही स्टेशनकडं फिरकलाही नाहीत. मला वाटलं ती चेष्टा करायलीय. रिटायर झाल्यावरसुद्धा सकाळी चहाच्या आधी फलाटावर जाऊन कोणती गाडी लेट आहे ते विचारून येणारा माणूस दिवसभर बाजेवर बसून राहतो, हे काही केल्या माझ्या डोक्यात शिरेना. धक्काच बसला. तुम्हाला विचारावं तर तुम्ही "बरंय, बरंय" म्हणता आणि फोन मायच्या हातात देता. म्हणून हे पत्र. कागदावर तरी दोन वाक्यं जास्तीची बोलाल.

आता कामाचं. छोटी रेल्वे करून देते असं मी तुम्हाला रिटायर झालात तेव्हा कबूल केलं होतं. आमच्या ऑफिसात बिल्डर लोकांसाठी इमारतींची छोटी मॉडेलं करतो, त्यातलं उरलेलं प्लायवूड साहेबांनी मला नेऊ दिलंय. दाराच्या फळीएवढी जागा होते. तेवढ्यात काय बसवायचं ते ठरवूया. सोबत माझं चित्र आहे. गोल रूळ, एका बाजूला डोंगर, डोंगरात बोगदा, पुढं पूल आणि पुलाखाली पाणी. स्टेशनात खरे पेटणारे लाल-हिरवे दिवे. बटण दाबलं की गाडी फिरतच राहील. रंगाची हौस मात्र माझी, त्यात तुम्ही पडायचं नाही. बाकी काय बदलायचं ते कळवा.

दीपिका


चुडावा
१७ सप्टेंबर

दीपे,

खुशाल ऱ्हा. तुझं पत्र पोचलं आन् मी गारच पडलो. चुडाव्याला डोंगर कुठून आणलास? पूर्णेतून निघून नांदेडला पोचेपर्यंत एक बोगदा दाखव, मी मिशी उतरवतो. आन् गाडी फिरतच राहणार म्हंजे काय? गाडी येती, थांबती, जाती. गोल फिरती ती जत्रेतली. रुळाचे सांधे बदलणारा पॉइंट्समन म्हणून माझी सगळी नोकरी ह्या स्टेशनात गेली, आन् पोटची पोर मला जत्रेतली गाडी द्यायलीय. लय वाईट वाटलं.

करायचीच आसंल तर सरळ कर. छोट्या लाईनच्या, मीटरगेजच्या काळातलं चुडावा कर, हाताचा सिग्नल होता तवाचं. सिग्नलचा हात लाकडाचा आन् जाड पाहिजे, वरखाली झाला पाहिजे. रूळ बोटाला लागतील एवढे उंच ठिव. फलाटाची कड खरखरीत कर. मास्तरची खोली, पाण्याची टाकी, गेट, सगळं घट्ट चिकटव, हात लागला तरी पडू न्हाई. दिवे नकोत. रंग तर अजिबात नको. रंगात काय ठिवलंय? उगं पैशाची नासाडी.

स्टेशनचं म्हणशील तर तिथं आता नवी पोरं हायत. आपण मधी मधी कशाला करायचं? अक्षर मोठं आलंय, पेन जाड हाय.

रामकिशन


पुणे
२८ सप्टेंबर

अण्णा,

डोंगर काढला, बोगदा काढला, गोल रूळही सरळ केला. तुमची मिशी वाचली. पण रंग नको? हे तुम्ही म्हणता? मी ते वाक्य तीनदा वाचलं. लाल आणि हिरवा या दोन रंगांवर ज्यांची भाकरी झाली, लहानपणी मला रंग शिकवायला ज्यांनी स्टेशनचे कंदील आणून दाखवले, ते अण्णा म्हणतात रंगात काय ठेवलंय. मी ऑफिसात सगळ्यांना विचारलं, कुणाच्या वडलांना असं झालंय का. रिटायर झाल्यावर माणसाचं मन उडतं म्हणाले. तसं असेल तर स्पष्ट सांगा, मी लाकडाचे ठोकळे पाठवून देते.

आणि ते अक्षर. जाड पेनाचं कारण मला सांगू नका. ओळी सगळ्या उजवीकडं खाली घसरल्यात, एक तर अर्धी दुसरीवर चढलीय. पहिलीतलं पोर बरं लिहील. झोपून लिहायला लागलात का काय?

सोबत पुडकं आहे. त्यात स्टेशनच्या नावाची पाटी आहे, नमुना म्हणून केलीय. अक्षरं उठावाची आहेत. पाटीत मी मुद्दाम एक चूक ठेवलीय. ती पकडून दाखवा, मग मानीन की चुडाव्याचा पॉइंट्समन अजून जागा आहे.

दीपिका


चुडावा
७ ऑक्टोबर

दीपे,

पाटी मिळाली. अक्षरं झकास उठलीत. पिवळा रंग तर हुबेहूब आपल्या स्टेशनचा, कुठं मिळाला तुला? चूक म्हणशील तर पाटीचे खांब आखूड झालेत. दुसरी चूक न्हाई.

मन उडालं असं म्हणू नको. रेल्वे कर. लवकर कर.

रामकिशन


पुणे
१२ ऑक्टोबर

अण्णा,

पाटी निळी आहे.

मी ती गडद निळी रंगवली होती. म्हटलं, पुडकं उघडल्याबरोबर अण्णा चिडून फोन करतील, निळी पाटी कुठल्या स्टेशनाला असते म्हणून मला झापतील. तुमचा फोन येईल म्हणून मी वाट बघत होते. आणि तुम्ही लिहिता, पिवळा रंग हुबेहूब.

म्हणजे तुम्ही पुडकं उघडलंच नाही. खुंटीला लटकवून ठेवलं असेल, आणि मला वाईट वाटू नये म्हणून चार ओळी लिहून मोकळे झालात. खांबांचं तर ठोकूनच दिलंत. अण्णा, मला खरंच सुन्न व्हायला झालंय. नको होतं तर नको म्हणायचं. माझ्याशी खोटं बोलायची तुम्हाला कधी गरज पडली नव्हती.

प्लायवूड मी बांधून माळ्यावर टाकलंय. दिवाळीला काम आहे, येणं जमणार नाही.

दीपिका


चुडावा
१७ ऑक्टोबर

दीपिकाबाळ,

ही चिठ्ठी अण्णाला न सांगता लिहायले. सातवीपस्तोर शिकलेय, तवा चुका काढू नको.

तुझी पत्रं त्यायला मीच वाचून दाखवते. निळ्या पाटीचं वाचलं आन् मी थांबलेच. ते म्हणाले, वाच पुढं. बाई, पुडकं त्यांनी त्याच दिवशी उघडलं व्हतं. मी शेळ्या घिऊन गेले व्हते. पाटी उशीपाशी ठिवत्यात आन् त्यावर बोट फिरवत बसत्यात. त्यायला दिसत न्हाई गं. रंग कोणता ते कसं कळावं? मला इचारायचं सोडून अंदाजानं लिहिलं.

डावा डोळा तर आधीपासूनच धूसर व्हता, त्यांनी कुणाला कळू दिलं न्हाई. श्रावणात शेळ्यासाठी बाभळीचा पाला पाडताना फांदी सटकली आन् काटा उजव्या डोळ्यात गेला. तुला कळवायचं न्हाई म्हणून मला शपथ घातली. पोरगी नोकरी सोडून पळत यील म्हणाले. आज मी शपथ मोडली, काय व्हायचं ते होऊ दे. तू रुसून बसलीस ते मला बघवंना.

पर तू घोर करू नको. मी इलाज करायले. रोज सकाळी कबऱ्या शेळीची पहिली धार त्यांच्या डोळ्यात सोडते, कोमट, निरशी. उजव्यात सोडते आन् डाव्यातबी सोडते, म्हंजे त्याला लागण होऊ न्हाई. आमच्या मायनं करडांचे डोळे आसेच बरे केले. आग व्हती त्यायला, पर हूं की चूं करत न्हाईत. आता उजव्या डोळ्यावर पांढरी खपली धरलीय, म्हंजे जखम भरायलीय. कार्तिकीपस्तोर मोकळा होईल बघ.

तू ये. त्यांच्यासाठी रेल्वे कर, बिनरंगाची का व्हईना.

तुझी माय


पुणे
१६ नोव्हेंबर

अण्णा,

हे पत्र तुमच्या दोस्ताकडून, भुजंगकाकांकडून वाचून घ्या. मायच्या हाती देऊ नका.

तुम्हाला दवाखान्यातून घरी सोडून मी इथं आले, पण माझं डोकं अजून ताळ्यावर नाही. मायची ती चिठ्ठी आली तेव्हा मी ऑफिसच्या जिन्यात उभी होते. दिसत नाही, इथपर्यंत वाचलं आणि पायरीवर बसले. पुढं दुधाचं वाचलं. पांढऱ्या खपलीचं वाचलं, आणि ती आनंदानं लिहिलेली. मी तिथूनच फोन केला तर माय म्हणाली, आत्ताच धार सोडली बघ. मग मिळेल त्या गाडीनं निघाले.

नांदेडच्या डॉक्टरांचं तुम्हीही ऐकलंत. काट्याची जखम वरवरची होती. वेळेवर थेंब पडले असते तर महिन्यात बरी झाली असती. दुधानं डोळा गेला. डाव्यातही तीच घाण शिरली. मायला व्हरांड्यात मी जे बोलले ते सगळ्या लोकांनी ऐकलं, मला माहीत आहे. पण काय करू? माझा राग अजून जात नाही. स्वतःच्या हातानं, रोज सकाळी. मला ते डोळ्यांपुढून हलवता येत नाही.

डावा डोळा वाचू शकतो, एवढं धरून चला. आतली लाली पूर्ण उतरली की संक्रांतीनंतर त्यातल्या जुन्या मोतीबिंदूचं ऑपरेशन करतील आणि तुम्हाला दिसेल. त्यासाठी दिवसभर तासातासाला थेंब पडले पाहिजेत. मायनं तुमच्या डोळ्याला हात लावायचा नाही. शेजारच्या कस्तुराबाईंना मी सगळं समजावून आलेय, त्या टाकतील.

प्लायवूड माळ्यावरून काढलंय. रूळ उंच, कडा खरखरीत, सगळं तुम्ही म्हणाला होतात तसं. तुम्ही सगळं सांगत होतात आणि मला काही म्हणजे काही कळलं नाही. रूळ सरळच ठेवते. फक्त चुडाव्याच्या पलीकडच्या टोकाला काय करू ते सांगा, तिथं फळी मोकळी राहतेय.

दीपिका


चुडावा
३ डिसेंबर

दीपे,

हे माझ्या हातानं लिहायलोय. तुझी माय शेळ्या घिऊन गेलीय. भुजंग शेजारी बसलाय, पत्ता तो घालील. ओळी चढल्या तर समजून घे.

तुझं पत्र आलं तवा भुजंग मानवतच्या बाजारात कापूस घिऊन गेला होता. पोस्टमननं पाकीट तुझ्या मायच्या हातात दिलं. तिनं फोडलं आन् नेहमीसारखं मोठ्यानं वाचाया लागली. मायच्या हाती देऊ नका, हे तिनंच वाचलं. मी म्हणलो, ठिव ते. तिनं ठिवलं न्हाई. दुधानं डोळा गेला, हेबी तिनंच वाचलं, सपाट आवाजात, एक अक्षर न गाळता. शेवटचं तुझं नाव वाचून कागदाची घडी घातली, माझ्या मांडीवर ठिवली आन् उठून गेली. इतक्या वर्षांत तिचा तसा आवाज मी कधी ऐकला नव्हता.

तवापासून ती माझ्या बाजेपाशी येत न्हाई. ताट ठिवती आन् मागं सरती. चहात दूध घालत न्हाई, सगळं करडांना पाजती. कस्तुराबाई बिचारी सकाळी थेंब टाकून कापूस वेचायला जाती, ती दिवस कलल्यावर येती. मधले थेंब कोण टाकणार? मी स्वतः टाकले तर गालावर पडत्यात. परवा दवाखान्यात दाखवलं तर डॉक्टर म्हणाले, लाली परत चढायलीय, आसंच चाललं तर ऑपरेशन कशाचं, हाबी डोळा जाईल. घरी आल्यावर मी तिला बाटली धर म्हणलो. "माझा हात वाईट हाय," एवढंच बोलली आन् चुलीपाशी जाऊन बसली.

आता ऐक. दवाखान्याचं तिनं दोनदा काढलं होतं. मीच न्हाई म्हणलो. नोकरीभर डोळ्याच्या तपासणीत पास झालेला माणूस, मला वाटलं माझे डोळे मला दगा द्यायचे न्हाईत. रोज सकाळी धार घ्यायला मीच आडवा व्हायचो. तवा तू एक कर. डॉक्टरला पुन्हा इचारलं आसं लिही. काटाच खोल गेला होता, दुधानं काही झालं न्हाई, आसं लिही. खोटं हाय हे मला कळतं, तुलाबी मीच खोटं बोलू नको म्हणून वाढवलं. तरी लिही. माझ्या नावानं टाक, वाचणार तीच हाय. फक्त तिनं परत धार सोडू न्हाई, आसं काहीतरी त्यात बसव.

रेल्वेचं. दोन स्टेशनं कर. गोल रुळाला एक माणूस पुरतो, सरळ रुळाला दोन लागत्यात, एकानं सोडायची आन् एकानं घ्यायची. छोट्या लाईनला आमी पुढच्या स्टेशनानं लाईन क्लिअर दिल्याबिगर गाडी सोडत नव्हतो. पुढचा मास्तर घंटी देणार, मग आमचा सिग्नल पडणार आन् गाडी सुटणार. तशीच कर, हातानं ढकलायची, दोन्हीकडं घंटी. माझ्याकडं चुडावा. पलीकडं मानवत रोड, तिच्या माहेरचं स्टेशन. मधली स्टेशनं परभणीसकट सगळी उडव. बोगद्यावरून मी तुला बोललो, आता मीच अर्धा जिल्हा गाळायलोय, हसायचं तर हास. पण तिला माझ्या समोर बसावं लागंल आशी कर.

रामकिशन


पुणे
९ डिसेंबर

अण्णा,

हे पत्र मायनंच वाचावं. दुसऱ्या कुणाकडून ऐकू नका.

मागच्या पत्राची माझी मलाच लाज वाटायलीय. काल मी नांदेडच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांनी पहिल्यापासून सगळं पुन्हा समजावून सांगितलं आणि मी हबकलेच. त्या दिवशी घाबरलेल्या डोक्यानं मी अर्धंच ऐकलं होतं. वरवरची जखम ते दुसऱ्याच पेशंटची सांगत होते. आपला काटा पार आतपर्यंत गेला होता. उजवा डोळा त्याच दिवशी, त्या बाभळीखालीच गेला. पहिल्या दिवशी नेलं असतं तरी तो वाचणार नव्हता. दुधानं तो गेला नाही. मी मायला व्हरांड्यात लोकांसमोर बोलले, कागदावर लिहून पुन्हा बोलले, आणि दोन्ही वेळा चुकीचं बोलले. तिनं माझ्या एक थोबाडीत द्यायला पाहिजे होती.

एक गोष्ट मात्र डॉक्टरांनी बजावलीय. त्यांच्या औषधाशी दूध जमत नाही. दुधात लिंबू पडल्यावर काय होतं ते मायला मी सांगायला नको, डोळ्यात तसंच होईल. म्हणून आता डोळ्यात फक्त थेंब, तासातासाला, दिवसभर. आणि नवखा हात नको म्हणाले, पेशंट दचकतो. ज्या हाताखाली तुम्ही पापणी न मिटता पडून राहता तोच हात पाहिजे. श्रावणापासून आग होत असताना तुम्ही कुणाच्या हाताखाली गप पडून राहिलात ते घरात सगळ्यांना माहीत आहे. कस्तुराबाईंना मी फोन करून सांगितलंय, हे पत्र पोचलं की त्या येणार नाहीत.

फळी तयार झालीय, शनिवारी घेऊन येते. सरळ रूळ, दोन स्टेशनं. रंग कुठंच दिला नाही. दोन्ही स्टेशनांची नावं उठावाची आहेत आणि दोन्हीकडं पितळेची घंटी आहे. चुडावा तुमच्याकडं. मानवत रोड मायकडं, तिथला मास्तर तीच. गाडी हातानं ढकलायची आहे. पलीकडून घंटी आली तरच तुम्ही सिग्नल पाडायचा, हा नियम तुमचाच आहे, त्यामुळं तुम्ही तो मोडणार नाही.

माय, वाचता वाचता तू मघाशीच कुठंतरी थांबली असशील. थांबू नको, शेवटपर्यंत मोठ्यानं वाच. मग हात धू, देवळीतली बाटली घे आणि बाजेवर बस. अण्णा केव्हाचे मान वर करून पडलेत.

दीपिका